सबसिडीच्या आधीचं १९५७

वर एकाने लिहिलंय की शेततळ्याला सबसिडी मिळायला लागली तेव्हा कुठे आपल्याकडे मत्स्यपालन सुरू झालं. अहो, बंगाल-ओडिशात घरामागच्या तळ्यात मासे पाळणं फार जुनं आहे, अडत होतं ते बियाण्यापाशी, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांपाशी. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पावसाळ्यात नदीचं वाहतं, चढतं पाणी लागतं. मग काय, पुरात बारीक जाळी लावून जिरे (नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं) गोळा करायचे, आणि त्यात शिकारी माशांची पिल्लं पण मिसळलेली, ती तळ्यात गेली की बाकीच्यांचा फडशा!

हा तिढा सोडवला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी, १० जुलै १९५७ ला, ओडिशात अंगुलला. दुसऱ्या माशांच्या डोक्यातली पिट्युटरी ग्रंथी (हिच्यातल्या संप्रेरकांमुळे मासे अंडी घालतात) काढायची, वाटायची, अर्क करून मादीला टोचायचा, काही तासांनी परत एक डोस आणि तेव्हाच नरालाही, मग दोघांना तळ्यात बांधलेल्या हाप्यात, म्हणजे कापडी पिंजऱ्यात, सोडून द्यायचं, की साचलेल्या पाण्यातही अंडी मिळतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ग्रंथी एवढीशी असते, कवटी उघडून चिमट्याने अख्खी काढायची आणि अल्कोहोलमध्ये टिकवायची म्हणजे हात स्थिरच पाहिजे.

आता तयार इंजेक्शन मिळतं, नर-मादीला एकदाच टोचलं की झालं. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन १० जुलैला असतो तो यामुळेच. सबसिडीने तळी वाढली हे खरंय, पण बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हॅचरीतून मिळायला लागली नसती तर त्यात सोडलं काय असतं?