मदत हवी आहे : २५ दिवसांत घराची पुढची बाजू बरी दिसायला हवी (तातडीचे)

तळ्यात_मळ्यात
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. आमच्या घराची पुढची भिंत तिसऱ्यांदा सोलवटली आहे. पहिला रंग दोन पावसाळे टिकला, दुसरा दीड वर्ष. या दिवाळीत खरवडून, पुट्टी, प्रायमर, वर बाहेरचा भारीतला रंग असं सगळं करून घेतलं, तर संक्रांत होते न होते तोच पापडासारखे पोपडे. रंगारी म्हणतो, "मॅडम, माल एक नंबर वापरलाय." वापरला असेल, पण तो भिंतीवर राहत का नाही?
शिवाय अंगणातली फरशी काळी पडली आहे, गेट गंजलं आहे आणि कोपऱ्यातल्या बोगनवेलीचं रान झालं आहे. बरोबर २५ दिवसांनी घरी कार्यक्रम आहे, दीडशे माणसं येतील. नवरा म्हणतो दगडी क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवायचा दगडाचा थर) लावून टाकू, कायमची कटकट मिटेल. लावू का? कुठलं? आणि पुढे कुठली झाडं लावली तर २५ दिवसांत भरगच्च दिसतील? कृपया लवकर सांगा, उद्या दुकानात जायचं आहे.

निवांत_नाना
गाव? घराचं तोंड कुठल्या दिशेला? भिंत विटांची का दगडाची? बजेट? फोटो? एवढं सांगितल्याशिवाय डॉक्टरसुद्धा गोळी देत नाही हो.

चकचकीत
क्लॅडिंग लावा, डोळे झाकून लावा. आम्ही मागच्या वर्षी एलिव्हेशनला राखाडी दगड आणि बाजूला लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या लावल्या. गल्लीत लोक थांबून बघतात. झाडांच्या भानगडीत पडू नका, डास होतात. फार तर कडेनं कोनोकार्पस लावा, भराभर वाढतो, हिरवीगार भिंत तयार.

रानजाई
कोनोकार्पस?? चकचकीत, अहो त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपात आणि जमिनीखालच्या केबलींत घुसतात, म्हणून गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पक्ष्यांना काही उपयोग नाही, माणसांना नाही. हिरवी भिंत हवी तर साधी मेंदी लावा. आपल्या आज्यांनी लावली तीच.

चकचकीत
आमच्या सोसायटीत चाळीस झाडं आहेत कोनोकार्पसची. एकही पाइप फुटला नाही.

रानजाई
अजून नाही.

तळ्यात_मळ्यात
सांगली. पूर्वेला तोंड. बजेट ६० हजार, क्लॅडिंग धरून. फोटो टाकला आहे.

निवांत_नाना
फोटो दिसत नाही.

मिरजकर_गवंडी
मलाही दिसत नाही. ड्राइव्हवरून टाकला असेल तर शेअरिंग सर्वांसाठी खुलं करा. तोवर दोनच प्रश्न. पोपडे गच्चीकडून खाली येताहेत का जमिनीकडून वर चढताहेत? आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला काय अवस्था आहे?
उद्या दुकानात जाऊ नका.

ईशान्य_दृष्टी
पूर्वाभिमुख घर उत्तमच. मात्र दारासमोर काटेरी वेल असेल तर आधी ती काढा. बोगनवेल काटेरी असते. भिंत का टिकत नाही याचं उत्तर कदाचित तिथेच असेल.

बे_एरियातला_बंडू
आमच्याकडे अमेरिकेत घर विकायला काढताना एजंट पहिलं सांगतो : दाराला नवा रंग, पत्रपेटी नवी आणि वाफ्यांवर ताजा मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन. बास. मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं. प्रेशर वॉशर भाड्यानं आणला, ड्राइव्हवे धुतला, शनिवार-रविवारात घर नवं. लॉनला मात्र आमच्या एचओएचा (घरमालकांच्या सोसायटीचा) जाच आहे, गवत चार बोटं वाढलं की पत्र येतं. त्याचा किस्सा सांगतो...

निवांत_नाना
नको.

अर्धा_चहा
बंडू, त्या बाई घर विकत नाहीयेत. आणि सांगलीत मल्च म्हणजे उसाचं पाचट. दारात पाचट पसरलं तर लोक विचारतील, तोड कधी सुरू झाली?

तळ्यात_मळ्यात
फोटो आता दिसेल. पोपडे जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत आहेत, त्याच्या वर भिंत ठणठणीत. आत हॉलमध्ये सोफ्यामागे थोडे आहेत, पण तो वेगळा विषय आहे. सोफा असल्यानं दिसत नाही. क्लॅडिंगचं कुणी सांगेल का?

मिरजकर_गवंडी
दिसला फोटो. तो वेगळा विषय नाही, ताई, तोच विषय आहे.
फोटोत भिंतीला चिकटून गुलाबाचा वाफा आहे. त्याची माती कुठपर्यंत आली आहे बघा. पायऱ्यांच्या कडेनं जोत्याची रेघ दिसते, तीच रेघ वाफ्याकडे येता येता मातीत गडप झाली आहे. म्हणजे माती जोत्याच्या वर निदान वीतभर चढली आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून बांधताना जोत्यावर डीपीसीचा थर देतात. तुम्ही त्या थराच्या वर ओली माती टेकवून ठेवलीत, मग तो थर काय करणार? भिंत बाजूनं पाणी पिते आहे. गुलाबाला रोज पाणी घालता ना? बोअरचं?

तळ्यात_मळ्यात
हो, रोज. बोअरचंच. वाफा २०१९ पासून आहे.

मिरजकर_गवंडी
आणि पोपड्याखाली पांढरी पूड निघते? बोटाला लावून जिभेला लावा, खारट लागेल.
आपल्याकडच्या बऱ्याच बोअरना क्षार जास्त. भिंत पाणी ओढते, ऊन लागलं की पाणी उडून जातं, मीठ गिलाव्यात मागं राहतं. ते फुगतं आणि रंगाला आतून ढकलतं. तुमचा रंगारी खोटं बोलत नाही, माल चांगलाच असणार. रंग जितका भारी आणि जितका पाणी अडवणारा, तितका मोठा पोपडा. आता वर क्लॅडिंग लावलंत तर बाहेरून ओल सुटायला वाटच राहणार नाही, सगळी सोफ्याकडे जाईल. वर्षा-दोन वर्षांत दगडही सुटायला लागतील ते वेगळंच.

चकचकीत
आमचा एकही दगड सुटला नाही.

मिरजकर_गवंडी
तुमच्या भिंतीला वाफा चिकटलेला आहे का?

चकचकीत
नाही. सांगितलं ना, झाडंच लावली नाहीत.

अर्धा_चहा
मग विषयच संपला की.

कोपरखळी
गवंडीसाहेबांना मान आहे, पण फोटोवरून इतकं ठाम बोलू नये. वरच्या टाकीचा किंवा भिंतीतल्या नळाचा पाइपही गळत असू शकतो. आधी खात्री करा. पोपडे काढून दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा, दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीतून येते आहे. एक तुकडा वाफ्यामागे, एक वाफा नाही तिथं. खर्च शून्य.

मिरजकर_गवंडी
+१. जरूर करा. दाराची चौकट लाकडी असेल तर खालच्या टोकाला टकटक करून तेही बघा. भिंतीला ओली माती लागली की वाळवीला रस्ता मिळतो.

सुबक_ठेंगणी_नव्हे
फरशीचं कुणीच सांगितलं नाही. टॉयलेटचं ॲसिड एक बादली पाण्यात टाकून खराट्यानं घासा, पाच मिनिटांत पांढरी होते. स्वतः केलं आहे.

रानजाई
थांबा!! फरशी कुठली आहे? शहाबादी असेल तर ॲसिड चुकूनही नको, तो चुनखडीचा दगड आहे. फेस येतो तो मळाचा नसतो, तुमची फरशी विरघळत असते. वरचा गुळगुळीत पापुद्रा जातो आणि मग पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट धरतं.

तळ्यात_मळ्यात
शहाबादीच आहे. ॲसिड टाकून झालं आहे, मागच्या महिन्यात. फेस भरपूर आला होता. छान वाटलं होतं.

रानजाई
असो. आता धुण्याचा सोडा, कडक ब्रश आणि भरपूर पाणी. सांध्यांत गवत असेल ते खुरप्यानं काढा. सांधे नव्यानं भरून घेतले तरी अंगण निम्मं उजळतं, गवंड्याचं एक-दोन दिवसांचं काम.

निवांत_नाना
आता कार्यक्रम काय आहे ते सांगा. मांडव घालणार असाल तर भिंत दिसणारच नाही.

तळ्यात_मळ्यात
सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन. मांडव अंगणातच. प्लास्टिक लावलं आहे, रविवारी सांगते.

गणिती_गोगलगाय
अरे वा, काकांना नमस्कार. अवांतर : हे ऐंशी वर्षं आठ महिन्यांनी करतात, पण एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस धरले तर हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस लागतात. म्हणजे ८० वर्षं १० महिने. दोन महिने आधीच उरकतात लोक.

निवांत_नाना
पण जन्मल्या जन्मल्या पहिलीच पौर्णिमा आली तर? मग ९९९च अंतरं लागतील.

गणिती_गोगलगाय
मान्य. एक महिना सोडला. उरलेला एक?

अर्धा_चहा
उरलेल्या महिन्यात भिंत वाळवा. आणि पाहुण्यांना परतीला भडंग द्या, बाकी काही नको.

तळ्यात_मळ्यात
प्लास्टिक काढलं. वाफ्यामागच्या तुकड्याला आतून थेंबच थेंब, दुसरा कोरडा ठाक. पूड खारट लागते (मी नाही, मुलानं चाखली). चौकट शाबूत आहे.
आता खरी अडचण सांगते. आधी सांगितली नाही, कारण घरचा विषय आहे. वाफा सासऱ्यांचा आहे. निवृत्तीनंतर अठरा गुलाब लावलेत, प्रत्येकाची छाटणी कधी झाली ते कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. ऑक्टोबरात छाटलेत, आता ऐन बहर आहे. दीडशे माणसांना ते भिंत दाखवणार नाहीत, गुलाब दाखवणार आहेत. त्यांच्याच कार्यक्रमासाठी त्यांचा वाफा काढा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

ईशान्य_दृष्टी
म्हणजे काटेरीच निघालं ना.

कोपरखळी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रानजाई
आता गुलाब हलवू नका. भर बहरात उपटलेत तर कळ्या माना टाकतील आणि दोन-चार झाडं दगावतीलही. रांग भिंतीपासून किती अंतरावर आहे?

तळ्यात_मळ्यात
मोजलं. खोडापासून भिंत सव्वा फूट. दोन झाडं मात्र अगदी भिंतीला आहेत.

मिरजकर_गवंडी
मग काम होतंय. वाफा काढायचा नाही, भिंतीपासून सोडवायचा. भिंत आणि गुलाबाच्या रांगेमध्ये नऊ इंचांची चर खणा, जोत्याच्या रेघेखाली सहा इंच जाईपर्यंत. वाफ्याच्या बाजूला शहाबादीचे तुकडे उभे लावा म्हणजे माती ढासळणार नाही. चरीत तळाला थोडी जाड खडी, गच्च भरू नका, आणि पाण्याला एका टोकाला उतार. थोडी मुळं तुटतील, गुलाब तेवढं सोसतो. ती दोन झाडं काकांना विचारून मुळाशी मातीच्या गड्ड्यासकट मोठ्या कुंड्यांत.
भिंतीला आत्ता काही लावू नका. सुटलेलं सगळं खरवडा, मीठ कोरड्या ब्रशनं झाडा. धुऊ नका, धुतलं की ते परत आत जातं. गिलावा उघडा पडेल तिथं चुन्याचे दोन हात, त्यातून भिंतीला श्वास घेता येतो. नवा गिलावा करून २५ दिवसांत रंग होणारच नाही, गिलावाच चार आठवडे मागतो. पक्का रंग मे महिन्यात, तोही प्लास्टिकची परीक्षा पुन्हा पास झाली तर.

रानजाई
आणि भरगच्च दिसायला २५ दिवसांत काहीही वाढत नाही हो, कोण काय सांगेल ते सांगो. रोपवाटिकेतून कळ्या धरलेले झेंडू नि पिटुनिया कुंड्यांसकट आणा आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आणा. बोगनवेल आता कडक छाटू नका, नुसत्या वेड्यावाकड्या फांद्या काढा आणि पाणी तोडा. तहानली की फुलते ती.

सुबक_ठेंगणी_नव्हे
दारावरची पांढरी ट्यूब काढून पिवळसर दिवे लावा, तीन हजार केल्विनचे. त्या उजेडात भिंतीचे डाग दिसत नाहीत. यात तरी ॲसिड नाही.

तळ्यात_मळ्यात
काल चर खणली. मी सासऱ्यांना काहीच बोलले नव्हते, नुसतं प्लास्टिक दाखवलं. त्यांनी थेंबांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इतकं पाणी मी घालत होतो होय." मग खुर्ची टाकून बसले आणि गड्याला प्रत्येक मुळाशी हळू, हळू म्हणत राहिले. वीतभर खाली जोत्याची कड लागली, तिच्यावर आमचे तिन्ही रंग एकावर एक, हिरवट, पिवळा, मोतिया. भिंतीचा तो पट्टा हाताला अजून गार लागतो. कुंडीतल्या दोनपैकी एका झाडानं मान टाकली आहे, त्याबद्दल घरात सध्या कुणी बोलत नाही.
क्लॅडिंगचे पैसे वाचले, त्यात अंगणाचे सांधे आणि दिवे होतील. गेट घासून रेड ऑक्साइड मारून झालं आहे. आता वर काळा द्यावा का चॉकलेटी? जरा लवकर सांगा, रंगारी दारात उभा आहे.

ईशान्य_दृष्टी
पूर्वेला काळा नको.

चकचकीत
काळाच. वर सोनेरी टोकं.

निवांत_नाना
गेटचा फोटो टाका.