मदत हवी आहे : पेडल नसताना सेसना विमान सरळ कसं पळवायचं?

मंडळी नमस्कार, बेळगाव टिळकवाडीहून लिहितोय. घरच्या पीसीवर एक्स-प्लेन १२ हा विमान उडवायचा सिम्युलेटर आहे. सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) उडायचं, राजहंसगडावर एक घिरटी घालून परत यायचं, एवढीच हौस.

सेटिंग खरीखुरी ठेवली की पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा जोर) देताच विमान डावीकडे ओढ घेतं. खऱ्या विमानातही पंख्यामुळे असं होतं, पायाच्या पेडलने उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून सावरायचं असतं, ते ठाऊक आहे. पण माझा रडर म्हणजे जॉयस्टिकची दांडी पिळणे. पिळताना मनगट जरा कललं की एलरॉनही (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) हलतात आणि पंख झुकतो. ऑटो-रडर लावला, म्हणजे रडर सिम्युलेटरवरच सोपवला, तर सगळंच मिळमिळीत.

बाकी खरेपणा हवाच. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. एप्रिलच्या ३५ अंशांत हवा विरळ होते, म्हणून विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं, जमीन सोडायला वेळ लावतं. हे बघायला भारी वाटतं! कॉकपिटमधलं एकेक बटण दाबत बसायला मात्र कंटाळा. मी चालू इंजिनवरच सुरुवात करतो. (जाणकारांनी हसू नये.)

तर, पिळायच्या रडरला डेडझोन (दांडी किती हलेपर्यंत काहीच होऊ नये) आणि कर्व्ह (पुढे प्रतिसाद किती हळू-जलद वाढावा) किती ठेवता? की पेडल घ्यावेतच? कुणी जुने विकत असेल तर खानापूर, निपाणी, अगदी कोल्हापूरपर्यंत येऊन नेईन.

आणि ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला यूपीएस किती व्हीएचा (किती क्षमतेचा) लावलाय? ऐन लँडिंगला लाइट गेली की फार जीव जळतो.