ससूनांचा पैसा आणि बेने इस्रायलींची सवय: दानधर्म पुढच्या पिढीत उतरतो कशाने?

पुणेकरीण

पुण्यात ‘ससून’ म्हटलं की रुग्णालय डोळ्यांपुढे येतं, माणूस येत नाही. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचामुळे देश सोडून १८३०च्या दशकात मुंबईत आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात अमाप पैसा केला आणि हात सैल सोडून दिलाही. पुण्यातलं रुग्णालय आणि लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), दोन्ही १८६७ची. मुंबईत भायखळ्याचं मागेन डेव्हिड, काळ्या घोड्याजवळचं वाचनालय. मुलगा अल्बर्टने १८७५ साली ससून डॉक बांधला. नातू जेकबने फोर्टात केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधलं (१८८४), भायखळ्याला शाळा काढली.

आणि पुढे? अल्बर्ट इंग्लंडला गेले, बॅरोनेट हा ब्रिटिश किताब मिळवला. पणतू फिलिप ससून ब्रिटिश पार्लमेंटात बसले. दुसरा पणतू सीगफ्रिड कवी झाला, पण त्याला आईने ख्रिस्ती म्हणून वाढवलं. घराण्याचा पैसा पुढे गेला, नाव पुढे गेलं. ज्या भावनेतून मुंबई-पुण्यातल्या इमारती उभ्या राहिल्या ती मात्र तीन-चार पिढ्यांत विरली.

याउलट बेने इस्रायली. हे आपले कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. यांच्यात ससूनांच्या तोडीचा धनाढ्य नाही. तरी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं केलं ते टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल दिवेकर नावाच्या कंपनी पलटणीतल्या अंमलदाराने. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या भावांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. देणारे कोण, तर कारकून, शिपाई, सुतार अशा समाजातले लोक.

माझं मत सरळ आहे. दानाचा संस्कार मृत्युपत्राने उतरत नाही. तो उतरतो मुलाला स्वतःच्या हाताने द्यायला लावल्याने. तालमूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, गरिबालाही सूट नाही: जो स्वतः दानावर जगतो त्यानेही त्यातलं काहीतरी दुसऱ्याला द्यायचं. पुरीमच्या सणाला प्रत्येकाने निदान दोन गरिबांना दिलंच पाहिजे. ज्या समाजात घेणाराही देणारा असतो, तिथे मुलगा लहानपणापासून देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. मोठ्या ट्रस्टच्या घरात तो रांगेत उभा राहतच नाही, त्याच्या वतीने मुनीम देतो.

हिशेबनीस

अजिबात पटलं नाही. सवयीने घरातली दानाची पेटी भरते, रुग्णालय बांधलं जात नाही. मी सहकारी पतपेढी आणि दोन धर्मादाय ट्रस्टांचे हिशेब वर्षानुवर्षं बघतो आहे. जिथे मुद्दलाची ठेव आहे तिथे काम चालतं, जिथे ‘सगळे मिळून देऊ’ आहे तिथे तिसऱ्या वर्षी वर्गणीचं पुस्तक कोरं असतं.

तुमचंच उदाहरण घ्या. केहीमकरांची शाळा आज कुठल्या नावाने आहे? सर एली कदूरी. कदूरी बगदादी, हाँगकाँग-शांघायचे धनाढ्य, सुरुवात ससूनांच्याच पेढीवर नोकरीने. त्यांनी पैसा दिला म्हणून माझगावची शाळा नीट उभी राहिली.

आणखी एक. डॉ. जेरुशा झिराड, बेने इस्रायली, कामा रुग्णालयाच्या प्रमुख, पद्मश्री. १९१२ साली त्या लंडनला शिकायला गेल्या त्या टाटांच्या शिक्षणकर्जावर. जमशेटजी टाटांनी १८९२ साली ती ठेव करून ठेवली, त्यातून आजही मुलं परदेशी शिकायला जातात. कर्ज फिटतं, तेच पैसे पुढच्याला मिळतात. मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सर्वांत वरची कुठली? माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन स्वतःच्या पायावर उभं करणं. ते काम ठेवीने होतं, पेटीतल्या नाण्यांनी होत नाही.

ससूनांचे पणतू काय करत होते याच्याशी ससून रुग्णालयात खाटेवर झोपलेल्या माणसाला काय देणंघेणं?

खाडीपलीकडे

मी बेने इस्रायली, ठाण्याचा. दोघांनाही थोडं सांगतो.

आमच्या घरात शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवा लावायच्या वेळी आजी आम्हा पोरांच्या हातावर एकेक नाणं ठेवायची. डब्याला वर चीर पाडलेली, पत्र्याची कड बोटाला लागायची. नाणं टाकलं की मगच दिवा, कारण एकदा शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) लागला की पैशाला हात लावायचा नाही. कधी माझं नाणं मी मुठीत धरून ठेवलं तर ती ओरडायची नाही, काडी न ओढता थांबून राहायची. तो डबा कुणाकडे जातो हे तिने कधी सांगितलं नाही. घेणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, एवढंच सांगायची.

सणाला सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ठेवलेल्या कपाटाचा पडदा उघडण्याचा मान बोली लावून दिला जायचा. माझे आजोबा रेल्वेत कारकून. त्यांनी एका सणाला बोली वाढवली ती आजही मला आठवते, कारण त्या महिन्यात घरी चपला यायच्या होत्या त्या आल्या नाहीत. आम्हाला वाईट वाटलं. तरी दिलेला शब्द फेडायचाच हे तेव्हा कळलं, आणि ते कुणाच्या व्याख्यानातून कळलं नाही. त्यामुळे पुणेकरीणताईंचा मुद्दा मी जगलो आहे.

पण आमच्या समाजाला फार गोंडस करू नका. आमच्यात गोरे आणि काळे असे भेद होते, सोयरीक होत नसे. आणि बगदादी मंडळींनी १८३६ साली मुंबईच्या कबरस्तानात त्यांच्या आणि आमच्या मृतांमध्ये भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. ज्यांचा दानधर्म आपण इथे गातो आहोत, त्यातलीच ही मंडळी. मला ससूनांबद्दल आदर आहे, माझा भाऊ ससूनमध्येच वाचला. पण संस्कार पुढे गेला का हे विचारताना कुठला संस्कार, हेही विचारावं लागेल.

जुनी पेठ

अफूचा उल्लेख एका शब्दात उरकला, म्हणून लिहिते. चीनमध्ये त्या अफूने घरंच्या घरं बसली. त्या पैशातून इथे रुग्णालय निघालं. धर्माने सांगितलेला दहावा भाग दान म्हणून चुकता केला म्हणून उरलेले नऊ भाग स्वच्छ होतात का? पुढच्या पिढीला काही शिकवायचं असेल तर ‘किती दिलं’ याआधी ‘कुठून आणलं’ हे शिकवा. पाटीवर हे कधीच लिहिलेलं नसतं.

हिशेबनीस

जुनी पेठ, तुमचा प्रश्न खरा आहे. पण त्या काळात अफूचा धंदा मुंबईतल्या पारशी, गुजराती, इंग्रज सगळ्याच मोठ्या पेढ्या करत होत्या आणि कंपनी सरकार त्यावर महसूल घेत होतं. फक्त ससूनांच्या दानाला तो कलंक लावायचा असेल तर अर्धी दक्षिण मुंबई पाडावी लागेल.

दिमोनाहून

इस्रायलमधून लिहिते आहे, मराठी घरची असल्याने अजून जमतं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायली वीसेक हजार होते, आता चार-पाच हजार असतील. म्हणजे समाजच उठून इकडे आला.

इथे काय टिकलं बघा. मलिदा हा आमचा नवसाचा विधी टिकला. गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस, सगळं तसंच. का टिकलं? कारण आलेल्या लोकांनी तंगीच्या दिवसांत आधी स्वतःचं सिनेगॉग उभं केलं, आणि मलिद्याला जमायला जागा झाली. ज्या गावांत आपली माणसं विखुरली, जागा झाली नाही, तिथल्या नातवंडांना मलिदा फोटोत माहीत आहे. सवय होती, घरही होतं, पण चार भिंती नव्हत्या. म्हणून मी हिशेबनीसांच्या बाजूने आहे. आणि भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. जेकब ससूनांनी शाळा काढली तेव्हा हे मनात नसेल. तरी एका ज्यू माणसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळेत ती शिकताहेत, ही मला त्या घराण्याची सगळ्यांत चांगली वंशवेल वाटते.

पुणेकरीण

तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. पण मी संस्था नकोत असं म्हटलंच नव्हतं. संस्थेत पुढच्या पिढीचा हात हवा असं म्हणते. अमेरिकेतलं उदाहरण देते.

ज्युलियस रोझेनवाल्ड, जर्मनीहून आलेल्या ज्यू फिरस्त्या विक्रेत्याचा मुलगा, सीअर्स कंपनीचा प्रमुख. काळ्यांचे नेते आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्याने अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला घेतल्या, १९३२पर्यंत जवळपास ५,००० झाल्या. त्याने सगळे पैसे कधीच दिले नाहीत. गावाने आपला वाटा घालायचा: पैसा, लाकूड, जमीन, नाहीतर अंगमेहनत. कापूस वेचणाऱ्या लोकांनी तो घातला. दुसरी अट स्वतःच्या निधीला: आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत मुद्दलासकट सगळं खर्चून टाका. तो १९३२ला गेला, निधी १९४८ला बंद झाला. पुढच्या पिढीचे प्रश्न त्या पिढीने स्वतःच्या पैशाने सोडवावेत, हा त्याचा हट्ट होता.

आणि मुलं? विल्यम हा युनायटेड ज्यूइश अपील या ज्यूंसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत होता, १९३९ साली, युरोपातले ज्यू जीव मुठीत घेऊन पळत होते तेव्हा. मुलगी ईडिथ स्टर्नने न्यू ऑर्लिन्समध्ये आयुष्यभर काम केलं. बापाने चिरंतन ठेव सोडली नाही, तरी मुलं देत राहिली. ससूनांच्या घरात उलटं झालं.

हिशेबनीस

रोझेनवाल्डच्या मुलांकडे सीअर्सचे शेअर होते, ताई. देत राहणं त्यांना परवडत होतं. आणि निधी बंद झाल्यावर त्या शाळांचं काय झालं तेही सांगा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्यावर बऱ्याच ओस पडल्या, मोडल्या. ज्या उरल्या त्या वाचवायला आता पुन्हा देणग्या गोळा करताहेत.

खाडीपलीकडे

मला एक प्रत्यक्षातलं विचारायचं आहे, दोघांनाही. कोकणातल्या गावोगावी आमची लहान कबरस्तानं आहेत. कुठे शेवटचं घर बंद होऊन बरीच वर्षं झाली. हिब्रू आणि मराठी अक्षरं कोरलेले दगड, मधून वाढलेली करवंदाची जाळी. कुंपण पडलं की आजूबाजूचं शेत हळूहळू आत सरकतं. इथे कुठल्या मुलाला नाणं टाकायला लावू? गावात मूलच नाही.

पुणेकरीण

तिथे ठेवच हवी, मान्य. मृतांना सवय लावता येत नाही. पण त्या ठेवीचे विश्वस्त कोण? तिशीच्या आतले निदान दोन घ्या. वर्षातून एकदा त्यांनी स्वतः जाऊन जाळी तोडावी. नाहीतर तीस वर्षांनी ठेव असेल आणि कबरस्तान कुठल्या गावात आहे हे कुणाला ठाऊक नसेल.

खाडीपलीकडे

तिशीच्या आतले आमचे बहुतेक लोद, अश्दोद, बेरशेबात आहेत. पैसे पाठवायला ते तयार आहेत. माझ्या पुतण्याने पहिल्या पगारातून काढून ठेवलेत, आजीच्या डब्यासाठी म्हणून.

हिशेबनीस

तो इस्रायली नागरिक असेल तर ती कायद्याने विदेशी देणगी झाली. ट्रस्टकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय एक रुपया घेता येणार नाही. नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो आणि खातं स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेत उघडावं लागतं. गावच्या कबरस्तानाचा ट्रस्ट हे करू शकत नाही. एक वाट आहे: ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी आधी परवानगी मागायची. तुमच्या ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आहेत का? असतील तर मला खाजगीत कळवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.

खाडीपलीकडे

नोंदणीपत्र आहे. हिशेब दोन वर्षांचे आहेत. तिसऱ्याची वही पेणला एका काकांकडे असावी, रविवारी जाऊन बघतो.