नागपूर, १९७०: ती दीक्षा होती की नव्हती?

प्रश्न
२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, ज्यांच्यात दीक्षा बिशपच देतात) आणि इतर प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट पाळकांना नव्याने दीक्षा (पाळकपदी नेमण्याचा विधी) न देताच सामावून घेण्यात आले. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला तसेच एकत्रित चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होताना निरनिराळ्या परंपरांच्या पाळकांच्या डोक्यावर, दीक्षेत ठेवतात तसे, हात ठेवून प्रार्थना का केली गेली? आधीची दीक्षा अपुरी होती, असे समजायचे का?

उत्तर १
दक्षिणेने भिस्त काळावर ठेवली होती: यापुढची प्रत्येक दीक्षा बिशपांच्या हस्ते होणार असल्याने पिढीभरात फरक आपोआप मिटेल, असा तो हिशेब होता. पण बिशपांकडून दीक्षा न मिळालेले पाळक प्रभुभोजनाचा विधी चालवतात, हे परदेशातील अनेक अँग्लिकनांना मान्य झाले नाही. ते पाहूनच उत्तरेने पहिल्या दिवशीच सेवकवर्ग एक करण्याचे ठरवले. अँग्लिकनांनीही डोके झुकवले, ही यातली महत्त्वाची गोष्ट. विधी पुनर्दीक्षेचा आहे की नाही, याचा निवाडा प्रार्थनेच्या शब्दांनी मुद्दाम केला नाही. ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, एवढाच तिचा आशय होता.

उत्तर २
मला ही शब्दांची कसरत वाटते. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि रोमच्या चर्चमधील, पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासूनही' निघतो या वादावर तोडगा लिहून झाला, सह्याही झाल्या, पण पूर्वेचे प्रतिनिधी कॉन्स्टँटिनोपलला परतल्यावर तेथील भाविकांनी तो झिडकारला. नागपूरचा करार टिकला हे खरे. मात्र मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने ऐनवेळी अंग काढून घेतले, हेही विसरू नये.

उत्तर ३
माझ्या मते दीक्षेपेक्षा बाप्तिस्म्याचा पेच अवघड होता, कारण ऐक्यात बाप्तिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स हे बालबाप्तिस्मा न मानणारे पंथही होते. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी तो पुन्हा मागितला, तर एका पक्षाच्या लेखी तो दुसरा ठरतो आणि दुसऱ्याच्या लेखी पहिलाच. शेवटी घटनेने बालबाप्तिस्मा आणि स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीनंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही पर्याय मान्य केले. आमच्या मंडळीत गेल्या पावसाळ्यात पाळकांनी एका बाळाच्या कपाळावर पाणी घातले आणि लगेच दुसऱ्याला, आईवडिलांच्या इच्छेनुसार, नुसते कडेवर घेऊन आशीर्वाद दिला. रडले मात्र दुसरेच.