युरोपात रेल्वेने फिरायचं तर पाठीवर मावेल तेवढंच न्यावं. पटतं का?

उंडगा:
मे महिन्यात आम्ही चौघं (मी, बायको, सासू-सासरे) लंडनपासून रोमपर्यंत 16 दिवस रेल्वेने फिरून आलो. तीन मोठ्या चाकांच्या बॅगा, दोन केबिन बॅगा, एक खाऊची पिशवी. परत आल्यापासून माझं मत पक्कं झालंय: माणशी एक छोटी बॅग, स्वतःची स्वतः उचलायची. वय, लिंग, ऋतू काही बघायचं नाही.

कारण सांगतो. लंडनची गाडी पॅरिसला गार द्यु नोर स्टेशनात येते आणि स्वित्झर्लंडची गार द लियों या दुसऱ्या स्टेशनाहून सुटते. नकाशात बोटभर अंतर. आरईआर डी लाइनने (पॅरिसची लोकलच म्हणा) मध्ये एकच स्टेशन, शातले. हे सगळं मी घरी पाठ करून गेलो होतो. फक्त तिकिटाचं फाटक किती अरुंद असतं ते कुठेच वाचलं नव्हतं. तिकीट लावलं, पाखं उघडली, मी आत, बॅग बाहेर, पाखं बंद. पलीकडून सासरे बॅग ढकलतायत, अलीकडून मी हँडल ओढतोय आणि मागे ऑफिसला निघालेलं अख्खं पॅरिस.

व्हेनिसला हॉटेल 'स्टेशनपासून सहा मिनिटं' होतं. वाटेत तीन पूल लागतात हे ॲपला महत्त्वाचं वाटलं नसावं. तिथल्या पुलांना पायऱ्या असतात, चढताना आणि उतरतानाही. चाकं असून नसल्यासारखी.

आपल्याकडे बर्थखाली बॅग सरकवली, कडीला साखळी लावली की झोपा. स्टेशनवर लाल डगलेवाला हमाल असतो. तिकडे हमाल जवळपास दिसतच नाहीत, डोक्यावरच्या फळीवर केबिन बॅग जेमतेम बसते आणि मोठ्या बॅगांचा रॅक डब्याच्या टोकाला, दाराजवळ. आपण दहा ओळी लांब.

चकलीताई:
वा, म्हणजे माझ्या 68 वर्षांच्या सासूबाईंनी पाठीवर सॅक लावायची! आम्ही ऑक्टोबरमध्ये पाच जण जातोय, त्यात दोन मुलं. औषधांचाच एक डबा आहे. थंडीचे कपडे काय खिशात घालू? आणि जेवणाचं काय? मागच्या खेपेला मी भाजणी, मेतकूट, उपम्याची पाकिटं आणि विजेची किटली नेली होती. रात्री हॉटेलात गरम गरम काहीतरी पोटात जायचं, म्हणून सकाळी सगळे हसत निघायचे. चार सँडविच आणि पाण्यावर पंचवीस-तीस युरो घालवून उपाशी झोपायची हौस असेल त्यांनी छोटी बॅग न्यावी.

शिवाय ती बॅग येताना रिकामी होते. चॉकलेटं कशातून आणता तुम्ही?

म्यूनिकचा_सातारकर:
नऊ वर्षं इथे आहे, गाडीने रोजचं जाणं-येणं. मी उंडगा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. डब्यात जागा असते हो. पाठीला पाठ लावलेल्या सीटांच्या मधल्या त्रिकोणी फटीत मध्यम बॅग आडवी छान बसते, ती जागा पाहुण्यांना दिसतच नाही. खरी गोची गाडी बदलताना होते. तिकिटावर आठ मिनिटं लिहिलेली असतात. आधीची गाडी पाच मिनिटं उशिरा येते, फलाट ऐन वेळी बदलतो, लिफ्टपाशी बाबागाड्या आणि सायकलींची रांग. जिन्याने पळता आलं तर गाडी मिळते, नाहीतर टाटा करायचा.

त्यात फलाटावर ए, बी, सी असे भाग असतात आणि डब्यांचा क्रम कधी कधी उलटा लागतो. मग आपली मंडळी बॅगांसकट फलाटभर धावतात. दर उन्हाळ्यात हे बघतो. खरं तर दिसेल त्या दारातून आत शिरावं आणि आतून चालत जावं. पण त्यातही मेख आहे. बर्लिनहून कोलोनकडे जाणाऱ्या काही गाड्या हाम स्टेशनावर दुभंगतात, अर्धी एकीकडे जाते, अर्धी दुसरीकडे. दोन्ही तुकड्यांच्या मधून आतून वाट नसते. मोठ्या बॅगेला रॅक मिळाला म्हणून चुकीच्या अर्ध्यात बसलेले काका मी पाहिलेत.

चकलीताई, भाजणी-मेतकूट ठीक, पण तूप आणि पेढे आणू नका. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना मनाई आहे. तपासतातच असं नाही, पण तपासलं तर साजूक तूप डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं.

नाना_डोंबिवली:
आम्ही दोघं, माझं वय 71, हिचं 67. प्रत्येकी एक मोठी बॅग नेली आणि काडीचा त्रास झाला नाही. स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला सहा रात्री, इटलीच्या फ्लॉरेन्सला पाच. बॅगा हॉटेलात, आम्ही मोकळे. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, बर्न, लुत्सर्न सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. फ्लॉरेन्सहून पिसा, बोलोन्या तसंच. स्वित्झर्लंडच्या दुमजली गाड्यांत फलाटावरून जवळजवळ सपाटीतच आत शिरता येतं, माझ्या गुडघ्यांची तक्रार नव्हती. हॉटेल सोडायच्या दिवशी स्टेशनवरचं लॉकर आहेच.

उंडगा, तुम्ही 16 दिवसांत हॉटेलं किती बदललीत ते लिहिलेलं नाही.

उंडगा:
सात.

पण नाना, तुम्ही निवृत्त आहात. रजा मोजून मिळते आणि सासू-सासरे पुन्हा येतील याची खात्री नाही. एवढा व्हिसाचा खटाटोप करून फक्त दोन गावं बघायची? रोम न बघता परत आणलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

चकलीताई:
मग नानांचंच खरं की! दोष सात हॉटेलांचा आणि शिव्या बॅगेला. आणि नियमसुद्धा तुमच्या बाजूने नाहीत. लंडन-पॅरिस युरोस्टार गाडीच्या साध्या तिकिटावर 85 सेंमीपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर एक हातातली चालते. फ्रान्सच्या टीजीव्ही इनुई या वेगवान गाडीतही दोन मोठ्या आणि एक छोटी. मोठी कुणी नेऊच नये असं असतं तर रेल्वेनेच सांगितलं असतं.

पाठपिशवी:
ताई, अर्धंच सांगितलंत. टीजीव्हीतल्या त्या दोन मोठ्या 70×90×50 सेंमीत बसल्या पाहिजेत. जास्त सामानाला 50 युरो दंडही घेतात. आणि स्वस्त म्हणून त्याच मार्गावरची विगो गाडी घेतलीत तर तिकिटात फक्त केबिन बॅग आणि एक पिशवी, मोठीचे पैसे वेगळे. तिकीट काढताना हे बघत नाही कुणी. आणि फ्रान्समध्ये प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे. बेवारस बॅग दिसली की पोलीस येतात, फलाट रिकामा करतात. 'जरा कॉफी घेऊन येतो, बॅग इथेच राहू दे' हे आपलं ठाणे-कल्याण नव्हे.

चोरीचं बोला. इटलीत एका मोठ्या स्टेशनावर दारं बंद व्हायच्या अर्धा मिनिट आधी दाराजवळच्या रॅकवरून आमच्या समोरच्याची बॅग उतरवली एकाने. इतक्या शांतपणे, की आम्हाला वाटलं त्याचीच आहे. म्हणून माझी सॅक कायम पायाशी.

नाना_डोंबिवली:
त्यावर उपाय मुंबईहूनच नेला होता, आपली साखळी-कुलूप. दोन्ही बॅगा रॅकच्या दांड्याला बांधल्या. समोरची जर्मन बाई बघून हसली. उतरताना विचारत होती, कुठे मिळते.

म्यूनिकचा_सातारकर:
साखळी चालते नाना, पण किल्ली हाताशी ठेवा. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, खिसे चाचपत बसलात तर पुढच्या गावाला पोहोचाल.

चकलीताई:
ठरलं. सात दिवस इंटरलाकेन, तीन पॅरिस. मोठ्या बॅगा दोनच, किटली येणार, तूप राहणार. पॅरिसमध्ये स्टेशन बदलायला सरळ टॅक्सी. उंडगा, एवढं तरी मान्य करा.

उंडगा:
टॅक्सी मान्य. बाकी माझं म्हणणं तेच. चौघांच्या चार छोट्या बॅगा असत्या तर हे प्रश्नच पडले नसते.

उंडग्याची_सौ:
बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही. तीन मोठ्या बॅगांपैकी एक पूर्ण ह्याची होती. आत ट्रायपॉड, ड्रोन (लंडनमध्ये एकदा बाहेर काढला, पावसामुळे परत आत), तीन जाकिटं आणि 'लागला तर' म्हणून घेतलेला ब्लेझर. व्हेनिसचा तिसरा पूल ती बॅग घेऊन माझे बाबा चढले. हा पुढे फोटो काढत होता.