जरासा धक्का लागला की मला काळंनिळं पडतं, जाऊबाईंना का नाही?

यावलची सून
आम्ही दोघी जावा केळीच्या पॅकिंगला जातो. फण्या धुवायच्या, क्रेट भरायचे, गाडीपाशी नेऊन ठेवायचे. क्रेटची कड दोघींनाही लागते. संध्याकाळी माझ्या मांडीवर, दंडावर निळे डाग, तिच्या अंगावर काहीच नाही. ती सावळी, मी गोरी. माझ्या आईलाही असंच व्हायचं. सासूबाईंना तर काही लागल्याचं आठवतही नाही, तरी हातांवर जांभळे चट्टे उठतात. गावातल्या बायका मला विचारतात, घरात कोणी हात उचलतं का? फार लागतं मनाला. हे असं का होतं?

धुळ्याची सिस्टर (निवृत्त)
ताई, मुका मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. त्यांच्याभोवती चरबीची आणि कोलॅजनची, म्हणजे कातडीला बळ देणाऱ्या तंतूंची, गादी किती जाड, यावर बरंच ठरतं. बायकांची कातडी पुरुषांपेक्षा पातळ, म्हणून आपल्याला डाग लवकर. जाऊबाईंनाही पडत असतील, सावळ्या रंगावर दिसत नसतील. डाग निळ्याचा हिरवट, मग पिवळा होतो, कारण साकळलेलं रक्त मोडत जातं. तो पिवळा रंग बिलिरुबिनचा, काविळीत डोळ्यांत उतरतो तोच. साधारण दोन आठवड्यांत डाग जायला हवा. मार लागल्या लागल्या थंड पाण्याची पट्टी ठेवा, चोळू मात्र नका.

आणि बायका विचारतात त्याचा राग धरू नका. वॉर्डात असे डाग दिसले की मीही प्रत्येकीला, एकटी गाठून, हेच विचारायचे. कोणीतरी विचारलंच पाहिजे.

सासूबाईंची कातडी वयाने आणि शेतातल्या उन्हाने पातळ झाली असणार. पण त्या औषधं कुठली घेतात?

यावलची सून
हृदयाची ॲस्पिरिन. शिवाय गुडघ्यांसाठी बाजारातून एक पुडी आणतात, नाव-गाव काही नाही. घेतली की दुसऱ्या दिवशी चालायला लागतात.

मेडिकलवाला, भुसावळ
माय, त्या पुडीची मला काळजी वाटते! बिननावाच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने गुडघा झटकन मोकळा होतो, पण कातडी कागदासारखी होते. तरी पुडी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर अचानक थांबवल्याने बीपी खाली जातं, माणूस गळून पडतो. पुडीच डॉक्टरांना नेऊन दाखवा. ॲस्पिरिनने प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटत नाहीत, चट्टे त्यानेही वाढतात. पण ती हृदयासाठी आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

तुमच्याबद्दल एक विचारतो. पाळीत फार जातं का? दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का?

यावलची सून
पाळी पहिल्यापासून जड. दाढ काढली तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त येत होतं. आईचंही तसंच.

मेडिकलवाला, भुसावळ
मग हे गोऱ्या रंगावर सोडू नका. नुसती सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून प्लेटलेट दीड ते साडेचार लाखांत आल्या म्हणून घरी बसू नका. व्हॉन विलेब्रँड नावाचा आजार असतो, आईबापांकडून येतो, त्यात प्लेटलेटचा आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी पडतं. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना डागाआधी दाढेचं आणि आईचं सांगा. तोवर अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. आणि मार न लागता पोटावर-पाठीवर डाग उठले, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले, किंवा सोबत ताप असला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.