नगरसेवकाची सभेतली हजेरी बघायची का नाही?

पेठेतला मतदार
नोव्हेंबर २०२० ला आपल्या कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली, मग पाच वर्षं प्रशासक, आणि जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर आता परत ८१ जण सभागृहात गेलेत. माझं म्हणणं सरळ आहे, सर्वसाधारण सभेला कोण आलं कोण नाही ते दर महिन्याला जाहीर व्हायला पाहिजे. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, चारी विभागीय कार्यालयांच्या बोर्डावर यादी लावा की. आधी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, सापडायचा तरी. आता एका प्रभागात चार चार, त्यामुळं पाण्याचा विषय सभेत कुणी काढायचा म्हटलं की चौघं एकमेकाकडं बोट दाखवणार.

बावडेकर
पटलं नाही भावा. हजेरीनं काय कळतंय? रात्री ड्रेनेज तुंबलं तर फोन उचलून जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याच्या जोरानं तुंबलेली लाइन मोकळी करणारी गाडी, घेऊन येणारा माणूस मला पाहिजे, तो सभेत बसला काय न बसला काय. कुणाच्या घरात मयत झाली, कोण सीपीआर सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहे, तिथं पहिला पोचतो तो आमचा नगरसेवक. अशा माणसाला तुम्ही रजिस्टर दाखवून नापास करणार, आणि सभेत नुसतं बसून येणारा हुशार ठरणार. हे मला मान्य नाही.

जुना कर्मचारी
दोघांनी जरा दमानं घ्या. मी कारकून म्हणून या सभांची कागदं हाताळलीत. रजिस्टरची सही म्हणजे माणूस दारातून आत आला एवढंच. सही करून, चहा घेऊन, विषयपत्रिकेतला तिसरा विषय यायच्या आत बाहेर पडलेले कितीतरी बघितलेत. आणि गंमत नाही, खरा पैशाचा विषय पुष्कळदा शेवटी येतो, आयत्या वेळचे विषय नाहीतर उपसूचना (मूळ ठरावात सुचवलेला बदल) म्हणून, तेव्हा निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात. म्हणून इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, वाचा. हजर सभासदांची नावं त्यात लिहायचीच असतात, ठरावाखाली सूचक कोण अनुमोदक कोण तेही असतं. अजून एक, टक्केवारी काढताना तहकूब सभा वेगळ्या धरा. नाहीतर एकच सभा दोनदा मोजली जाते. स्थायी समितीत १६ जणच असतात, त्यांच्या सभा जास्त होतात, मग त्यांची बाकीच्यांशी तुलना करून कसं चालंल?

राजारामपुरीची ताई
मला तर हजेरी पाहिजेच पाहिजे, आणि कारण वेगळं आहे. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निवडून येते ती, आणि ऑफिसात, साइटवर, अधिकाऱ्यांसमोर फिरतो तिचा नवरा नाहीतर दीर. पण सभागृहात त्याला बसता येत नाही, तिथं तिलाच जावं लागतं. ती दर महिन्याला गेली, माईक हातात घेतला, हे कागदावर आलं तर पुढच्या वेळी तिकीट मागायला तिच्याकडं काहीतरी असंल. बावडेकर दादा, मयतीला जाणं चांगलंच आहे हो, पण त्यासाठी नगरसेवक कशाला व्हायला लागतंय, तालमीतली पोरं पण येतातच की.

बावडेकर
ताई तुमचा मुद्दा मानला. पण आजारी माणूस, बाळंतीण, घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं, यांचं काय? त्यांच्या नावापुढं पण नुसतं गैरहजर लागणार, आणि विरोधक तेच पोस्टर करून चौकात लावणार.

जुना कर्मचारी
रजेचा अर्ज असतो की, सभागृह तो मंजूर करतं. यादीत रजा आणि गैरहजर असे दोन रकाने ठेवा, वाद मिटला. काही न कळवता सलग महिनोन्महिने गैरहजर राहिलं तर पद जायची तरतूद कायद्यातच आहे, म्हणजे हजेरीला किंमत आधीपासूनच आहे.

पेठेतला मतदार
मग एवढंच मागूया, हजेरीबरोबर इतिवृत्त पण टाका. तोवर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो, उत्तराला ३० दिवसांची मुदत. मी आमच्या प्रभागातल्या चौघांचं मागवतोय, पहिल्या सभेपासूनचं. बावडेकर, तुमच्या माणसाचं पण मागवा. तो ड्रेनेजला धावून येतो म्हणता ना, मग नवीन लाइनचा ठराव त्यानं कधी मांडला का ते पण त्यातच बघायला मिळंल.

बावडेकर
मागवतो. पण मत मी जेटिंग मशीन बघूनच देणार.